मानेबाईंच्या गाठी

दहावीच्या वर्गात प्रजननाचा धडा आला की मानेबाई आधी खिडक्या उघडायला लावायच्या. इतर शिक्षक या धड्याला खिडक्या लावून घेत, किंवा ‘हा घरी वाचा’ असं म्हणून थेट पुढच्या धड्यावर उडी मारत. मानेबाई फळाभर आकृती काढत आणि मैदानापलीकडच्या रसवंतीवाल्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात एकेका अवयवाचं नाव मुलींकडून म्हणवून घेत. मी लग्न होऊन रत्नागिरीहून कोल्हापुरात आले, मुलींच्या त्या शाळेत मराठी शिकवायला लागले, आणि पहिल्याच आठवड्यात शेजारच्या वर्गातून सगळ्या मुलींचा एकसुरी आवाज आला, “अंडाशय.” मी तेव्हा एक फार हळवी कविता शिकवत होते. त्या कवितेचं पुढे काय झालं हे सांगण्यात अर्थ नाही.

मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावून घेतलं. मी तिथेच बसले होते. सर म्हणाले, “मानेबाई, शिकवा, पण जरा सौम्य आवाजात. पालकांचं म्हणणं आलंय.”

“सर, मागच्या महिन्यात ह्याच आवाजात मूत्रपिंड शिकवलं. तवा कोण आलं न्हाय. दोन्ही पोटातच असतात की.”

सरांनी चष्मा काढून पुसला. अडचणीत आले की ते चष्मा पुसत. मानेबाई शाळेत होत्या तोवर सरांचा चष्मा कायम लखलखीत राहिला.

सुशीला माने हे त्यांचं पूर्ण नाव, पण सुशील म्हणावं असं त्यांच्यात फारसं काही नव्हतं. बुटक्या, आडव्या बांध्याच्या, स्कूटरवर बसल्या की स्कूटर दिसायची नाही. वर्गात बोलत ते पुस्तकातलं मराठी, आणि वर्गाबाहेर पाऊल पडलं की अस्सल कोल्हापुरी. इथल्या बायका स्वतःबद्दलही ‘मी आलो, मी जातो’ असं बोलतात, याचा मराठीची शिक्षिका म्हणून मला सुरुवातीला धक्काच बसला होता. मी एकदा ते बोलूनही दाखवलं. तेव्हापासून मानेबाईंनी माझं नावच ‘मराठी’ ठेवलं. “ओ मराठी, चहा घेणार काय?” मी एखादी उपमा वापरली की म्हणायच्या, “वस्तूचं नाव घ्यायला लाज वाटली की माणूस उपमा देतंय.”

लग्न केलं नव्हतं. का, असं विचारलं तर सांगायच्या, “बघायला आलते चार-दोन. त्यांनी मला प्रश्न विचारले, मग मी त्यांना विचारले. परत कोण आलं न्हाय.” शिवाजी पेठेत धाकट्या भावाच्या घरी खालच्या मजल्यावर त्या राहत. या भावाचं नाव बाळू. सहा फुटांचा, तालमीत वाढलेला, झुपकेदार मिशांचा हा गृहस्थ ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान चालवायचा. सगळी पेठ त्याला ‘पैलवान’ म्हणायची. बाळू म्हणणाऱ्या एकट्या मानेबाई. त्याची बायको लतावहिनी, आणि मुलगी ऋतुजा. ऋतुजा लहानपणापासून जेवायला खाली, अभ्यासाला खाली, रुसायलाही खालीच. ती वर फक्त झोपायला जाते, असं लतावहिनी म्हणायच्या, आणि त्यात थोडी तक्रारही असायची.

निवृत्तीनंतरच्या वर्षी बाईंचं पोट सुटायला लागलं. हातपाय वाळत होते आणि पोट मात्र पुढे येत होतं. चार घास खाल्ले की पोट भरल्यासारखं व्हायचं. “निवृत्तीचं पोट हाय,” त्या म्हणाल्या. गल्लीतल्या डॉक्टरांनी ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या, मग गॅसच्या, मग इसबगोल. जन्मभर जी आकृती मुलींकडून पाठ करून घेतली, ती स्वतःच्या पोटातून काही सांगू बघत होती आणि बाई तिला रोज सकाळी कोमट पाण्यातून इसबगोल पाजत होत्या. पुढे मी हे बोलले तेव्हा त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “फळ्यावरची आकृती कधी दुखत न्हाय, मराठी. म्हणून ओळखू आली न्हाय.”

शेवटी पायऱ्या चढताना धाप लागायला लागली तेव्हा मीच त्यांना सोनोग्राफीला घेऊन गेले. पोटात पाणी झालं होतं. तिथून आम्हाला कॅन्सरच्या डॉक्टरांकडे धाडण्यात आलं. डॉक्टर तरुण होते, सज्जन होते, आणि वाईट बातमी कापसात गुंडाळून द्यायची त्यांना सवय होती. “बघा, डाव्या बाजूला थोडीशी वाढ दिसतेय…”

“कशाची?”

“म्हणजे, स्त्रियांच्या त्या भागात…”

“डॉक्टर, मी विज्ञान शिकवलंय. अंडाशय म्हणा. भिंतीला कान असले तरी त्यांना काय होत न्हाय.”

डॉक्टर अंडाशय म्हणाले. मग कॅन्सरही म्हणाले.

ऑपरेशन मोठं झालं. गर्भाशय, दोन्ही अंडाशयं, आतड्यांवरचा चरबीचा पडदा, आणि पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीच्या कडेच्या काही लसिका ग्रंथी, असं बरंच काही काढून तपासायला गेलं. तपासणीचं उत्तर आलं त्या दिवशी बाळू पैलवान आणि मी खाटेजवळ उभे होतो. डॉक्टर म्हणाले, “लसिका ग्रंथींमध्येही पेशी सापडल्या आहेत. पसरलाय.”

“म्हणजे आणि एक कॅन्सर झाला काय?” पैलवानांनी विचारलं.

“नवा न्हाय रे. तोच हाय,” उत्तर खाटेवरून आलं. “घर सोडून गल्लीत हिंडायला लागलाय.” आणि मग, सलाइन लावलेला हात उशीवर ठेवून, बाईंनी वर्गातल्या मराठीत आम्हाला समजावलं. शरीरात जागोजागी बारक्या गाठी असतात, त्या सगळ्यांनाच असतात. अंगातलं पाणी त्यांतून गाळून पुढे जातं आणि नको ते तिथे अडतं. कॅन्सरची सुटी पेशीही अशीच वाहत येऊन अडकते, आणि चांगली जागा मिळाली की तिथेच वाढायला लागते. “अंडाशयातनं निघालेला लसिका ग्रंथीत सापडला तरी त्याला अंडाशयाचाच कॅन्सर म्हणायचं. कळलं काय?”

पैलवानांनी शाळकरी मुलासारखी मान हलवली. डॉक्टर म्हणाले, “अगदी बरोबर सांगितलंत.”

“बरोबर हाय ते मला ठाऊक हाय. तुम्ही पुढं काय करणार ते सांगा.”

पुढे केमो होती. पहिल्या केमोनंतर बाई घरी आल्या आणि पाहुण्यांची रीघ लागली. कोल्हापूरचा माणूस आजाऱ्याला बघायला रिकाम्या हातानं येत नाही. पांढऱ्या रश्शाचा डबा आणि एक खात्रीचा उपाय, असं दोन्ही घेऊन येतो. रस्सा बाईंना जात नव्हता, तो मी प्यायचे. उपाय मात्र त्यांनाच ऐकावे लागत. कुणी लक्ष्मणफळाचा पाला आणला, कुणी गोमूत्राची बाटली. कोडोलीच्या एका लांबच्या मावशींनी गाठ बसवायला हळद-चुन्याचा लेप सांगितला. बाई म्हणाल्या, “लावतो की. पण गाठी पाठीच्या कण्याला लागून आत हायेत. तुमचा हात पोचतोय काय बघा.” आमचे एक निवृत्त सहकारी दर रविवारी येऊन ‘कायम हसत राहा’ असं सांगायचे. “हसतो की,” बाई म्हणायच्या, “तुम्ही गेल्यावर.” आणि एका वहिनींनी डोळ्यांना पदर लावून विचारलं, “कुणाचं वाईट केलं न्हाईस तू, मग तुलाच कसं झालं गं?” बाईंनी थोडा विचार केला. “वाईट केलेली माणसं मला ठाऊक हायेत,” त्या म्हणाल्या, “पण येताना कॅन्सरनं मला विचारलंच न्हाय.”

या सगळ्या पाहुण्यांना वरच्या मजल्यावर मात्र वेगळाच आजार सांगितला जात होता. लतावहिनी कुणाला अल्सर सांगत, कुणाला नुसतं ‘पोटाचं ऑपरेशन’. कारण ऋतुजाचं लग्न ठरत होतं. स्थळ गडहिंग्लजचं, घर नावाजलेलं, मुलगा पुण्यात नोकरीला. आत्याच्या आजाराचं नाव निघालं तर स्थळ हातचं जाईल, या भीतीनं त्या घरात अंडाशय आणि कॅन्सर हे दोन्ही शब्द बंद झाले.

तेवढ्यात डॉक्टरांनी बाईंच्या रक्ताची एक वेगळी तपासणी केली, आणि बहीणभावाला समोर बसवून विचारलं, “तुमच्या घरात आधी कुणाला असा आजार?”

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. त्यांची आजी पोटात पाणी होऊन गेली होती. आत्याही तशीच गेली, ऐन चाळिशीत. घरात तेव्हा ठरलं होतं की ही करणी आहे, आणि ती शेजारच्या शेवंताकाकूनं केली आहे. “तिच्या नातवंडांशी आमचं अजून बोलणं न्हाय,” बाळू म्हणाला.

“मग करणीच्या आळातनं शेवंताकाकू सुटली म्हणायची बिचारी,” बाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी सांगितलं की बाईंच्या रक्तात जन्मापासून एक दोष आहे. तो वारशानं येतो. भावातही असू शकतो, आणि असला तर त्याच्या मुलीत उतरण्याची शक्यता निम्मी. भावानं रक्त तपासावं.

“मी?” पैलवानांचा आवाज चिरकला. “डॉक्टर, मी गडी माणूस. मला कुठलं आलंय अंडाशय? माझ्याकडनं बायकांचा आजार कसा जाईल?”

“आजार होत नसला तरी दोष पुढे जातो.”

“ऋतुजाचं लग्न होऊ दे. मग बघू.”

बाहेर आल्यावर बाई भावाला म्हणाल्या, “पोरीला सांग. तू बाप हाईस, तू सांग.” तो हो म्हणाला. दिवाळीच्या आधीची ही गोष्ट. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं, त्यानं सांगितलं नाही. बाई रोज त्याला खालून हाक मारून विचारायच्या आणि तो दुकानाची घाई आहे म्हणून निघून जायचा.

गडहिंग्लजची मंडळी बैठकीला येणार त्या दिवशी लतावहिनींनी मला मुद्दाम बोलावलं. “बाईंना एकटं वाटायला नको, तुम्ही खाली त्यांच्याजवळ बसा,” त्या म्हणाल्या. म्हणजे माझी पहाऱ्यावर नेमणूक झाली होती. कोल्हापुरात मानेबाईंवर पहारा ठेवू शकेल असं कुणी जन्माला आलं नव्हतं; मी तर रत्नागिरीची. वर पोह्यांच्या बश्या वाजल्या तशा बाई उठल्या, डोक्याला सुती रुमाल बांधला आणि कठडा धरत जिना चढल्या. मी मागून.

वर दिवाणखाना भरलेला होता. ऋतुजा साडी नेसून खुर्चीत बसली होती. मुलाच्या आईनं बाईंकडे, त्यांच्या रुमालाकडे बघितलं आणि आपुलकीनं विचारलं, “काय झालंय हो यांना?”

“अल्सर,” लतावहिनी म्हणाल्या.

“उष्णतेनं केस गेले जरा,” पैलवानांनी भर घातली.

बाई खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या. “अंडाशयाचा कॅन्सर हाय. लसिका ग्रंथींत उतरलाय. आणि तो आमच्या घरात वारशानं येतोय. ह्या पोरीत दोष हाय का न्हाय ते ठाऊक न्हाय, कारण तिच्या बापानं अजून रक्त दिलेलं न्हाय. तुम्ही तुमची पोरगी देताना जे विचारलं असतं, ते सांगितलं. बसा आता, चहा घ्या.”

चहा कुणी घेतला नाही. मुलाच्या वडिलांनी अर्धा खाल्लेला लाडू बशीत परत ठेवला. थोड्याच वेळात गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. पुढे दोन दिवसांनी फोन आला की पत्रिका जुळत नाही. ज्या पत्रिकेचं त्यांच्या गुरुजींनी आठवडाभर कौतुक केलं होतं, तिच्यातले सगळे गुण एका दुपारीत पळाले होते.

पण ते नंतर. त्या क्षणी पैलवान बहिणीवर ओरडत होते, लतावहिनी रडत होत्या, आणि ऋतुजा शांतपणे उभी राहिली.

“आत्या, तुला हे कधी कळलं?”

“दिवाळीच्या आधी.”

“पप्पा, तुम्हाला?”

पैलवान पोह्यांच्या बश्या गोळा करायला लागले. “तवाच,” ते म्हणाले.

“म्हणजे गडहिंग्लजच्या माणसांना आणि मला एकाच वेळी कळलं,” ऋतुजा म्हणाली. “माझ्या पोटाबद्दल सगळे बोलले. कुणी लपवायचं ठरवलं, कुणी सांगायचं ठरवलं. मला कुणीच विचारलं नाही.”

ती आत निघून गेली. मानेबाई कठडा धरून एकेक पायरी खाली उतरल्या.

ऋतुजा खाली यायची बंद झाली. बाईंच्या जिभेची धारच गेली. पाहुणे काहीही उपाय सांगून सुखरूप परत जायला लागले. एकदा त्या मला म्हणाल्या, “जन्मभर पोरींना सांगितलं, तुमचं शरीर तुमचं. आणि घरच्या पोरीचं मी चारचौघांत फळ्यावर काढून दाखवलं.” मग एका संध्याकाळी, ऋतुजा कामावरून आल्याची चाहूल लागली तशा त्या पुन्हा जिना चढल्या. या वेळी दर दोन पायऱ्यांवर थांबत. ऋतुजा दारात उभी होती.

“चुकलो,” बाई म्हणाल्या. “आधी तुला सांगायला पाहिजे होतं.”

“व्हय, पाहिजे होतं,” ऋतुजा म्हणाली, आणि त्यांच्या काखेत हात घालून आत घेऊन गेली. लतावहिनींनी आणखी एक ताट वाढलं.

केमो संपली, डोक्यावर भुरभुर केस आले, आणि ते केस विंचरताना बाईंना डाव्या बाजूला, गळ्याच्या हाडाच्या वर एक कडक गाठ लागली. त्यांनी मला फोन केला. “मराठी, मानेच्या मानेत गाठ आलीय. आडनावाला जागली बघ.” मी हसले नाही. त्या म्हणाल्या, “हस की. चांगली कोटी हाय. तुमच्या मराठीत ह्यालाच भाव असतोय.”

सुईनं गाठीतला अंश काढून तपासला. पोटातल्याच पेशी मानेपर्यंत आल्या होत्या. या वेळी डॉक्टरांनी कापूस वापरला नाही. पूर्ण बरं होणं आता नाही, शक्य तितकं आवरून धरायचं, असं ते म्हणाले. बाळू, ऋतुजा आणि मी, तिघंही तिथे होतो. बाईंनी मान डोलावली आणि ऋतुजाकडे बघितलं. ऋतुजाच म्हणाली, “डॉक्टर, माझी तपासणी कधी करता?”

पैलवान उठून बाहेर गेले. मला वाटलं, गेले दुकानात. ते हॉस्पिटलच्या पायरीवर बसले होते. थोड्या वेळानं आत आले, शर्टाची बाही वर सारली आणि म्हणाले, “आधी माझं घ्या.”

विशीतल्या, चणीनं बारक्या परिचारिकेनं सुई टोचली आणि सहा फुटांचा गडी खुर्चीतून सरळ खाली आला. तिनंच पाय वर धरले, मी वारा घातला. शुद्धीवर आल्यावर त्यांना पहिला चेहरा दिसला तो बहिणीचा. “बाळ्या,” त्या म्हणाल्या, “तुला चितपट करायला एवढीशी पोरगी पुरली.”

दोष दोघांत निघाला, बापातही आणि मुलीतही. डॉक्टरांनी पैलवानांना सांगितलं की पुरुषांनाही थोडा धोका असतो, त्यांनीही वरचेवर छाती तपासून घ्यावी. “बघ,” बाई भावाला म्हणाल्या, “जन्मभर लोकांना छाती दाखवत हिंडलास. आता डॉक्टरला दाखव.” पण मुलीबद्दल डॉक्टर बोलायला लागले तेव्हा त्या गप्प बसल्या. ऋतुजानं विचारलं, कोणत्या तपासण्या, कधीपासून, मुलं होऊ शकतील का, अंडाशयं काढून टाकायची तर कोणत्या वयात. डॉक्टरांनी एकेकाचं उत्तर दिलं. आज काही झालेलं नाही, लक्ष ठेवायचं, आणि वेळ आली की काढून टाकायचं. परत येताना रिक्षात बाईंनी माझा हात घट्ट धरला होता. “प्रश्न बरोबर विचारले तिनं,” त्या म्हणाल्या. “एकबी सोडला न्हाय.” मग डोळ्यांतलं पाणी पुसायचं सोडून त्या रंकाळ्याकडे बघत राहिल्या.

पुढच्या उन्हाळ्यात त्या गेल्या. दुपारी, आपल्याच खोलीत, ऋतुजा पायाशी बसलेली असताना. शेवटच्या दिवसांत बोलणं कमी झालं होतं, तरी ‘हसत राहा’वाले सहकारी आले की डोळे मिटून झोपेचं सोंग घेण्याइतकी शुद्ध त्यांना होती.

दुसऱ्या दिवशी पेपरात निधनाची बातमी आली. ‘निवृत्त शिक्षिका सुशीला माने यांचे अल्पशा आजाराने निधन.’ पोटापासून मानेपर्यंत चढत गेलेल्या, दोन वर्षं चाललेल्या, आधीच्या दोन पिढ्या खाऊन आलेल्या आजाराला भावानं अल्पसा ठरवलं होतं. ऋतुजानं पेपर वडिलांसमोर ठेवला. त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. “हात धजला न्हाय लिहायला,” ते म्हणाले. ऋतुजानं भांडण केलं नाही. एवढंच म्हणाली, “पुढच्या महिन्यात माझी पहिली तपासणी आहे. येणार काय?”

“येतो की.”

मीही गेले होते. बाकावर सगळ्या बायका, आणि मधोमध पैलवान, गुडघ्यांवर हात ठेवून, भिंतीवरच्या गर्भाशयाच्या चित्राकडे न बघण्याचा आटोकाट प्रयत्न करत. शेजारच्या म्हाताऱ्या बाईनं त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

“पावणं, बायकांच्या दवाखान्यात तुमचं काय काम?”

पैलवानांची मान खाली गेली. मला वाटलं, आता अल्सर येणार. त्यांनी घसा साफ केला.

“पोरीला आणलंय.”

“काय होतंय तिला?”

“काय न्हाय. होऊ नये म्हणून आणलंय. आमच्या घरात अंडाशयाचा कॅन्सर हाय, आणि त्याचा दोष तिला माझ्याकडनं गेलाय.”

त्यांचा आवाज तालमीतला, त्यामुळे सगळ्या बाकाला ऐकू गेलं. म्हातारी थोडी सरकली, पिशवी मांडीवर घेतली आणि मोकळी झालेली जागा थोपटत ऋतुजाला म्हणाली, “बस बाळ, उभी कशाला?”